डोळे पिवळे होण्याआधी

खटाव-माणच्या पट्ट्यात उन्हाळा सरता सरता विहिरी तळाला जातात, टँकर सुरू होतात आणि पहिला वळीव पडला की वाहून आलेले पाणी त्याच विहिरींत उतरते. काविळीची साथ यायला असेच दिवस सोयीचे असतात. येरळेकाठचे वडूज हे तालुक्याचे ठिकाण. ग्रामीण रुग्णालय, खासगी दवाखाने, रक्त तपासणारी लॅब, सगळे इथे आहे. तरीही कुणाचे डोळे पिवळे दिसले की अनेक घरांत पहिला प्रश्न निघतो तो ‘कावीळ कुठे उतरवतात?’ असाच. मग कुणी सांगते, अमक्या गावात माळ घालतात. तमक्या वाडीत चुन्याच्या पाण्याने हात धुतात. पलीकडे नाकात थेंब सोडतात.

पिवळा रंग कशामुळे आला हे कळल्याशिवाय काविळीचा उपचार सुरूच होत नाही. आणि यकृताचे जे आजार माणसाला खरोखर संपवतात, ते वर्षानुवर्षे हा रंग दाखवतही नाहीत. लेख लिहायला बसलो तो या दोन गोष्टींसाठी.

आधी माळेचे पाहू. पुनर्नवेसारख्या वनस्पतीच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात विशिष्ट गाठींनी गुंफून लहानशी माळ करतात आणि डोक्यावर ठेवतात. दिवस जातात तशी ती लांब होत गळ्यात, मग छातीवर येते. ओल्या काड्या सुकून आकसतात, गाठीतला दोरा मोकळा होतो, म्हणून माळ लांबते. निरोगी माणसाच्या डोक्यावर ठेवली, नुसती खुंटीला टांगली, तरी लांबते. चुन्याच्या पाण्याचेही तसेच. हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसाचा चुन्याशी संयोग होतो आणि पाणी पिवळे दिसते. शरीरातून त्यात काहीच उतरलेले नसते. नाकात देवडांगरी या वनस्पतीचा अर्क सोडला की आतली नाजूक त्वचा भाजून निघते आणि पिवळा स्राव वाहतो. त्या स्रावाचाही यकृताशी संबंध नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा ‘चमत्कारां’मागचे रसायन गावोगाव उलगडून दाखवले आहे.

तरीही लोक बरे होतात, आणि तेही खरेच आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत आपोआप बरी होते. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला संपवते, तीन ते सहा आठवड्यांत डोळे निवळतात. त्या काळात माळ घातली असेल तर श्रेय माळेला जाते. माळ घालणारा माणूस अनेकदा ओळखीचा, पैसेही न मागणारा असतो. त्याच्यावर विश्वास बसतो यात नवल नाही. घात होतो तो उरलेल्यांचा. पित्तनळीत खडा अडकलेली बाई, क्षयाच्या गोळ्यांनी यकृत बिघडलेला तरुण, स्वादुपिंडाच्या गाठीने नळी दाबली गेलेला म्हातारा, हे सगळे त्याच रांगेत उभे असतात, कारण बाहेरून सगळ्यांचे डोळे सारखेच पिवळे दिसतात. त्यांचे तीन-चार आठवडे माळ उतरण्याची वाट पाहण्यात जातात.

यकृत उजव्या बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून एका मोठ्या शिरेतून येते. म्हणजे आपण खाल्ले, प्यालो, गोळी म्हणून गिळले, त्यातले बहुतेक शरीरात इतरत्र पोचण्याआधी यकृतातून जाते. जखम झाल्यावर रक्त गोठवणारी प्रथिने यकृतात तयार होतात. रक्तातले पाणी रक्तवाहिनीतच धरून ठेवणारे अल्ब्युमिन तिथेच बनते. आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचे युरियात रूपांतर तेच करते. रोज अर्धा ते एक लिटर पित्तही तेच तयार करते. पुढे ज्या लक्षणांविषयी लिहिणार आहे, त्यातली बहुतेक यातले कुठले तरी काम थांबल्याची लक्षणे आहेत.

पिवळेपणा येतो बिलिरुबिनमुळे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की हा पिवळा पदार्थ तयार होतो. यकृत तो रक्तातून उचलते, पित्तात मिसळते आणि आतड्यात सोडते. विष्ठेचा तपकिरी रंग त्यातूनच येतो. रक्तातले प्रमाण एरवी एक मिलिग्रॅमच्या आसपास असते. ते तीनच्या घरात गेले की डोळ्यांत दिसू लागते. आता बिघाड तीन ठिकाणी होऊ शकतो. पेशीच जास्त मोडत असतील, यकृताच्या पेशींना सूज आली असेल, किंवा तयार झालेल्या पित्ताची वाट अडली असेल. वाट अडली की लघवी गडद होते, विष्ठा मातकट पांढरी पडते आणि अंगाला खाज सुटते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला न दुखता अशी कावीळ झाली आणि वजनही उतरू लागले, तर एक दिवसही न दवडता सोनोग्राफी करावी. महिन्या-दीड महिन्याच्या बाळाबाबत तर याहून घाई. जन्मानंतरची साधी कावीळ दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही बाळ पिवळे राहिले आणि शी पांढरी होत असेल, तर त्याची पित्तनलिकाच बंद असण्याची शक्यता असते. जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांच्या नावाची शस्त्रक्रिया अशा बाळांना वाचवते, पण ती साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त. कोवळ्या उन्हात ठेवून वाट पाहण्यात हे दिवस निघून जातात.

पाण्यातून पसरणारे विषाणू दोन, हेपॅटायटिस ए आणि ई. रुग्णाच्या विष्ठेतून ते बाहेर पडतात आणि पाण्या-अन्नातून दुसऱ्याच्या तोंडात जातात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचे पाणी सांडपाण्याने दूषित होऊन सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती. जपून ठेवलेले त्यांचे रक्तनमुने पुढे तपासले तेव्हा ती साथ ‘ई’ची निघाली. आपल्या जवळची आठवण म्हणजे २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत आलेली साथ. तिने बळीही घेतले. ‘ई’ गरोदर बाईच्या बाबतीत फार क्रूर असतो; शेवटच्या तिमाहीत संसर्ग झालेल्या शंभर जणींपैकी वीस ते पंचवीस दगावू शकतात. म्हणून गावात कावीळ असताना गरोदर बाईला नुसते गाळलेले पाणी देऊ नये, उकळूनच द्यावे. तिला कावीळ झालीच तर ती घरी ठेवण्याची गोष्ट नाही.

गावाच्या पाण्यात टीसीएल पावडर पडते की नाही, नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्टमध्ये क्लोरीन दिसतो की नाही, हे पाहणे जलसुरक्षकाचे काम आहे. ग्रामपंचायतीला पाण्यासाठी लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले हे विचारणे गावकऱ्यांचे. टँकरचे पाणी घरी आले की त्यात मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाचे थेंब टाकून अर्धा तास थांबावे. उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचे पाणी तालुक्याच्या काही भागांत पोचले आहे, पिण्याचे पाणीही पूर्वीपेक्षा बरे मिळू लागले आहे. यातून एक वेगळीच गोष्ट घडते. पूर्वी ‘ए’चा संसर्ग लहानपणीच, लक्षातही न येता होऊन जायचा आणि जन्मभराचे संरक्षण मिळायचे. स्वच्छता वाढली की मुले त्यातून सुटतात आणि मग विसाव्या-तिसाव्या वर्षी, कॉलेजात किंवा नोकरीच्या गावी, तोच आजार जोरात होतो. ‘ए’ची लस उपलब्ध आहे, शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी डॉक्टरांना तिच्याविषयी जरूर विचारावे.

उपचार म्हणाल तर विश्रांती, पुरेसे पाणी आणि भूक लागेल तसे साधे जेवण. तेल-तूप पूर्ण बंद करून महिनाभर नुसत्या उकडलेल्या भाज्या खाल्ल्याने यकृत लवकर सुधारत नाही, माणूस मात्र खंगतो. रस्त्यावरचा उसाचा रस औषध म्हणून पाजतात. त्यातला बर्फ आणि चरकाखालचे पाणी कुठले, हा विचार आधी करावा. हळद पिवळी म्हणून ती वर्ज्य करण्यालाही आधार नाही. सांगलीच्या हळदीची चिमूट भाजीत पडली तर बिघडत काही नाही. ‘रोगप्रतिकारक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, मिरपुडीचा अर्क घातलेल्या हळदीच्या जहाल गोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. घरी थांबण्याला एक मर्यादा आहे. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपू आणि रात्री जागू लागला, हिरड्यांतून रक्त आले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारी आयएनआर ही तपासणी वाढलेली येणे हा अशा वेळी बिलिरुबिनच्या आकड्यापेक्षा मोठा इशारा असतो.

आता न दिसणाऱ्या आजारांकडे येतो. हेपॅटायटिस बी, म्हणजे आपल्याकडे ज्याला पांढरी कावीळ म्हणतात तो आजार, रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. प्रौढ माणसाला संसर्ग झाला तर शंभरातले पंचाण्णव जण विषाणूला हुसकावून लावतात. जन्मताच संसर्ग झालेल्या बाळांत हे उलटे होते. त्यातल्या शंभरपैकी नव्वदांच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो. पुढची वीस-तीस वर्षे कसलाही त्रास नाही, मग एकदम पोटात पाणी किंवा यकृताचा कर्करोग. बरूक ब्लमबर्ग यांनी १९६० च्या दशकात हा विषाणू ओळखला, त्यासाठी त्यांना १९७६ चे नोबेल मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जागतिक हेपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. २०१८ मध्ये याच तारखेला आपल्याकडे राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधे त्यातून सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात, आणि ही गोष्ट मला प्रत्येक गावात ओरडून सांगावीशी वाटते, कारण औषध परवडणार नाही म्हणून तपासणीच टाळणारी माणसे अजून आहेत.

बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत ‘बी’च्या लशीचा पहिला डोस द्यायचा असतो, पुढचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लशीतून मिळतात. आई बाधित असेल तर बाळाला लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात. एकाला ‘बी’ आढळला की आई, भावंडे, जोडीदार, मुले सगळ्यांची तपासणी व्हायला हवी. हे आपल्याकडे सोपे नाही. खटाव, माण, खानापूर, आटपाडीतली हजारो घरे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. एक भाऊ चेन्नईला, दुसरा गुवाहाटीकडे, आई गावी. यात्रेला किंवा लग्नाला सगळे एकत्र येतात, तीच संधी साधून सर्वांचे रक्त एकदा तपासून घ्यावे आणि ज्यांना संसर्ग नाही त्यांनी शून्य, एक आणि सहा महिन्यांचे तीन डोस घ्यावेत. शेजारी बसून जेवल्याने, एका घरात राहिल्याने, मिठी मारल्याने ‘बी’ होत नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून मुलीचे ताट वेगळे करणे किंवा ठरलेले लग्न मोडणे हा अन्याय आहे. जोडीदाराने लस घेतली की संसार निर्धास्त चालतो.

‘बी’ असलेल्या प्रत्येकाला गोळ्या लागत नाहीत. विषाणूचे प्रमाण, यकृताची सूज दाखवणारी एसजीपीटी तपासणी आणि यकृत किती कडक झाले आहे यावरून ते ठरते. लागल्या तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची रोज एक गोळी, वर्षानुवर्षे, मनाने बंद न करता. ‘सी’ची गोष्ट अधिक आनंदाची. १९८९ मध्ये सापडलेला हा विषाणू आज बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक रुग्णांत कायमचा जातो.

कारण सापडले की काय होते, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण पुण्याचे आहे. एके काळी आपल्याकडे सहा महिने ते तीन-चार वर्षांच्या मुलांना एक भयंकर आजार व्हायचा. पोट फुगायचे, यकृत दगडासारखे लागायचे आणि काही महिन्यांत मूल जायचे. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुले गेलेली असत. त्यामुळे हा आजार रक्तातच आहे, घराण्याला लागलेला शाप आहे, असे मानले जाई. वैद्यकातही त्याला ‘भारतीय बालकांचा सिऱ्होसिस’ असेच नाव होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृताचा अभ्यास केला. त्यात तांब्याचे प्रमाण प्रचंड होते. हे तांबे आले कुठून? त्यांनी आयांना विचारायला सुरुवात केली, बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, कशात तापवले, कशात ठेवले. उत्तर स्वयंपाकघरातच होते. आजारी मुलांना लहान वयातच गाई-म्हशीचे दूध सुरू झालेले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले होते. कल्हई उडालेल्या भांड्यातले तांबे दुधात उतरते आणि दुधातल्या प्रथिनाला चिकटून बाळाच्या पोटात जाते. बाळाचे यकृत ते बाहेर टाकायला समर्थ नसते. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ही मांडणी प्रसिद्ध झाली. तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन लवकर दिले तर मुले वाचतात हेही याच मंडळींनी दाखवले. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही असाच बालरोग होता आणि तोही तांब्याच्या भांड्यांबरोबर नाहीसा झाला, हे १९९६ मध्ये पुढे आले. घरोघरी स्टीलची पातेली आली, आयांना सांगितले गेले, आणि हा आजार जवळजवळ संपला. आजच्या बालरोगतज्ज्ञांच्या तरुण पिढीने तो पुस्तकातच पाहिला असेल. ज्या घरांनी शाप म्हणून दोन-दोन मुले पुरली, त्यांना हे आधी कळते तर, असे वाटल्यावाचून राहत नाही. आज पुन्हा तांबे-पितळेची भांडी हौसेने घेतली जात आहेत. हौस असावी, पण लहान बाळाचे दूध आणि कुठलाही आंबट पदार्थ त्यात कल्हईशिवाय ठेवू नये.

तांब्याचाच दुसरा आजार विल्सनचा, तो मात्र खरोखर आनुवंशिक. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतो, म्हणून मामाच्या मुलीशी लग्ने होणाऱ्या घराण्यांत त्याची शक्यता वाढते. किशोरवयीन मुलाला कावीळ, हात थरथरणे, बोलण्यात अडखळणे असे काही एकत्र दिसले तर हा आजार तपासावा. औषधाने तो आटोक्यात राहतो.

आज यकृत तज्ज्ञांच्या दाराशी सर्वांत मोठी रांग आहे ती चरबीच्या यकृताची, फॅटी लिव्हरची. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असे लिहून येते आणि माणूस एक तर घाबरतो किंवा कागद घडी करून ठेवून देतो. ‘मी तर बारीक आहे, मला कुठली चरबी?’ हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तरही पुण्यातल्याच एका संशोधकाने दिले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एक, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्रज बाळांपेक्षा खूपच हलकी; पण कमी होते ते स्नायू, चरबी त्या मानाने टिकून होती. पोटात असताना ज्याला कमी मिळाले, त्याचे शरीर मिळेल ते चरबीच्या रूपात साठवते. दुष्काळी खटाव-माणमध्ये जन्मलेल्या पिढ्यांनी हे वाचावे असे मला फार वाटते. ज्यांच्या आयांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत दिवस काढले, ती मुले आज मोटारसायकलवर फिरतात, दिवसाला पाच-सहा गोड चहा पितात, बेकरीचे आणि फरसाणाचे खातात. वजनकाट्यावर ती बारीक दिसतात, आणि यकृतात चरबी साठलेली असते.

म्हणून आपल्यासाठी वजनापेक्षा कंबर मोजणे खरे. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या पुढे गेली की सावध व्हावे. चरबी असणे हे संकट नाही. त्या चरबीने सूज येऊन यकृतात व्रण साचू लागले की संकट सुरू होते, आणि ग्रेड वन-टू हे आकडे त्याविषयी काहीच सांगत नाहीत. त्यासाठी एक स्वस्त हिशेब आहे, एफआयबी-फोर. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्या चार गोष्टींवरून तो निघतो, म्हणजे वडूजच्या कुठल्याही लॅबच्या रिपोर्टवर करता येतो. उत्तर १.३ च्या खाली आले तर बहुधा काळजी नाही, २.६७ च्या वर गेले तर तज्ज्ञाकडे जाऊन यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करावा. मधल्यांनीही डॉक्टरांशी बोलावे. साठीपुढच्या माणसात वयामुळेच आकडा थोडा फुगतो, हे लक्षात ठेवावे.

औषध सर्वांत जुने आहे. वजन पाच टक्क्यांनी उतरले की यकृतातली चरबी कमी होऊ लागते, सात ते दहा टक्क्यांनी सूज, आणि दहाच्या पुढे गेल्यावर व्रणही मागे हटू शकतात. ८० किलोच्या माणसाने सहा-आठ महिन्यांत आठ किलो उतरवणे हा खरा उपचार. ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटल्यांनी हे होत नाही. बाजरी-ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ हे आपल्या मातीतले जेवण यासाठी उत्तम आहे, अट एवढीच की भाकऱ्या मोजून खाव्यात आणि चहातली साखर सोडावी. मधुमेह असेल तर तो आटोक्यात हवाच, कारण दोन्ही एकमेकांना वाढवतात.

दारूविषयी थोडक्यात लिहितो, कारण माहिती सर्वांना आहे, अडते ते सोडण्यापाशी. चरबी, ‘बी’ विषाणू आणि दारू यांतले दोन एकत्र आले की नुकसान बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत घरच्या घरी सोडू नये; झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. दवाखान्यात औषधाखाली सोडावी. साताऱ्यात ‘परिवर्तन’ आणि पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेले ‘मुक्तांगण’ हे काम करतात. यकृत कितीही बिघडलेले असो, दारू थांबल्यावर काही महिन्यांत सुधारलेले रुग्ण प्रत्येक तज्ज्ञाने पाहिलेले असतात.

कारण कुठलेही असो, वर्षानुवर्षे व्रण साचत गेले की यकृत आकसून गाठीगाठींचे होते. हा सिऱ्होसिस. रक्ताला आतून वाट मिळत नाही, मागे दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, पोटात पाणी साठते. फसवणारी गोष्ट अशी की या अवस्थेत एसजीपीटी अगदी नॉर्मल असू शकते. त्यापेक्षा दीड लाखाच्या खाली गेलेल्या प्लेटलेट, घटलेले अल्ब्युमिन आणि वाढलेला आयएनआर यांकडे पाहावे. फुगलेल्या शिरा दुर्बिणीतून वेळेत पाहिल्या तर रबरी बँड लावून किंवा गोळ्यांनी रक्ताची उलटी टाळता येते. पोटातल्या पाण्यासाठी मीठ कमी आणि लघवी वाढवणारी औषधे. ताप किंवा दुखणे असेल तर ते पाणी काढून तपासलेच पाहिजे. भ्रम होऊ लागला तर लॅक्ट्युलोज हे पातळ औषध, ज्याने दिवसाला दोन-तीन वेळा शौचाला होईल एवढे. अशा रुग्णाची डाळ, अंडी, दूध बंद करणे ही जुनी चूक अजून घराघरांत चालते. स्नायू झडले की अमोनिया आणखी वाढतो. उलट त्याला प्रथिने हवीत, आणि रात्री झोपताना काहीतरी खायला हवे, म्हणजे रात्रभराच्या उपासात स्नायू झिजत नाहीत. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, कारण यकृताचा कर्करोग दोन-तीन सेंटिमीटरचा असताना सापडला तर काढता किंवा जाळता येतो.

औषधांनीही यकृत बिघडते. क्षयाच्या गोळ्या घेताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, तर कावीळ दिसण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घराघरांत उकळत होते, मुंबईत डॉ. आभा नगरळ आणि सहकाऱ्यांनी असे काढे घेतल्यावर यकृताला गंभीर इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. झाडपाल्याचे आहे म्हणजे निर्धोक आहे, हा समज त्या रुग्णांना महागात पडला. उंदरांसाठी मिळणाऱ्या पिवळ्या फॉस्फरसाच्या मलमाबाबत तर आईवडिलांनी फार सावध असावे. ते पोटात गेल्यावर पहिले एक-दोन दिवस माणूस ठणठणीत दिसतो, यकृत कोलमडते ते त्यानंतर. मूल बरे दिसते म्हणून घरी ठेवू नये, तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे.

मेंढरांच्या या मुलखात आणखी एक आजार सांगितला पाहिजे. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक फीतकृमी असतो. त्याची अंडी चाऱ्यातून मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात पाण्याचे फुगे तयार होतात. मेंढी कापल्यावर ते फुगे कुत्र्याला टाकले की चक्र पुन्हा सुरू. कुत्र्याला हात लावून न धुता जेवणाऱ्या माणसाच्या यकृतातही असाच फुगा वाढतो, वर्षानुवर्षे, न दुखता. त्याला हायडॅटिड म्हणतात. अल्बेंडाझोल आणि शस्त्रक्रिया यांनी तो जातो. न ओळखता सुई टोचून फोडला तर जिवावर बेतते. मेंढपाळांनी कुत्र्यांना वेळच्या वेळी जंताचे औषध द्यावे आणि कापलेल्या मेंढीचे फुगे आलेले यकृत पुरून टाकावे, एवढ्याने हा आजार मुळातच थांबतो.

वडूजमध्ये तपासणी सुरू होते, पुढचे उपचार साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराड, मिरज किंवा पुण्याला. जाताना जुने सगळे रिपोर्ट, सोनोग्राफीच्या फिल्म आणि घेतलेल्या प्रत्येक औषधाची पाकिटे, काढे-भुकट्यांसकट, सोबत न्यावीत. अनेकदा निदान त्या पिशवीतच सापडते.

आणि सगळे उपाय थकले तरी एक उरतो. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत यकृत बदलण्याचा पहिला प्रयत्न केला. आपल्याकडे १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा झाल्यावर १९९८ मध्ये पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. मेंदूमृत व्यक्तीचे यकृत मिळू शकते, नाहीतर नातेवाईक आपल्या यकृताचा उजवा भाग, म्हणजे जवळजवळ ६० टक्के देतो. काही महिन्यांत दोघांचीही यकृते पुन्हा पुरेशी वाढतात. गाडी अडते ती बहुधा दात्यापाशी. भाऊ द्यायला तयार असतो, रक्तगट जुळतो, सगळ्या तपासण्या होतात आणि शेवटी कळते की त्याच्याच यकृतात इतकी चरबी आहे की ते घेता येत नाही. अशा वेळी डॉक्टर त्याला खाणे आवरायला आणि रोज चालायला लावतात. वजन उतरले की तपासणी पुन्हा होते, आणि कित्येकदा तोच भाऊ दाता म्हणून पात्र ठरतो.